दौलतमामाचा वाकडा डोंगा

अमरावतीत माझ्या हातचे देव्हारे अजून कितीतरी घरांत आहेत. शाळांचे बाक आहेत, दवाखान्यातल्या खाटा आहेत, एका मंगल कार्यालयाचं अख्खं दार आहे. पण दिवाळी अंकाचे संपादक घरी आले, दोन कप चहा प्याले आणि म्हणाले, "मिस्त्री, ते सगळं राहू द्या. त्या वाकड्या डोंग्याचं लिहा." घ्या! जन्मभर सरळ काम केलं आणि नाव झालं ते वाकड्या कामानं. झालं तर झालं, लिहितो. मात्र आधीच सांगून ठेवतो, की ही गोष्ट आजवर मी चार लोकांत जशी रंगवून सांगत आलो तशी इथं मिळणार नाही. त्या सांगण्यात थोडी लबाडी होती. या वयात ती बाळगून काय करायची?

सुतारकाम मी अकोल्याला शिकलो, करीमभाई उस्तादांच्या हाताखाली. उस्ताद माणूस मोठा गोड, पण हातात दोरा घेतला की कसाई. दाराची चौकट असो की पाळण्याची बाजू, ते दोऱ्याच्या मधोमध गाठ मारायचे, गाठ कामाच्या मध्यावर धरायचे आणि डावीकडं-उजवीकडं दोरा ताणून पाहायचे. गव्हाच्या दाण्याएवढाही फरक निघाला तरी रागावायचे नाहीत. हसायचे. "वाह मियाँ, आधा दरवाजा तो बहुत अच्छा बनाया. अब दूसरा आधा भी बना लो." हे ऐकून ऐकून डावं-उजवं सारखं असणं हा माझा धर्मच होऊन बसला. स्वप्नातसुद्धा मला वाकडी वस्तू दिसली नसती.

तो धर्म पहिल्यांदा बाटवला आमच्या पेठेतल्या एका वकीलसाहेबांनी. स्वातंत्र्यानंतर पाच-सात वर्षांनी मी अमरावतीला स्वतःचं दुकान टाकलं होतं, आणि हे पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. आयुष्यभर डाव्या कोपरावर रेलून कागद वाचलेले. त्यामुळं त्यांचा डावा खांदा कायमचा खाली आलेला. कुठल्याही खुर्चीत बसले की पाठ धरायची. मी त्यांना एकामागून एक तीन खुर्च्या करून दिल्या, तिन्ही गुण्याला लावून, अगदी काटकोनात. तिसरी परत करताना ते म्हणाले, "मिस्त्री, तुमची खुर्ची सरळच आहे हो. वाकडा मी आहे. आता दोघांपैकी कोणाला तासायचं ते तुम्हीच सांगा."

वकिलाला उत्तर देण्याइतकं माझं शिक्षण नाही. चौथी खुर्ची केली ती डावा हात दोन बोटं खाली, बसायची फळी जराशी कलती आणि पाठ त्यांच्या पाठीसारखी. करताना उस्तादांची आठवण येऊन कानशिलं तापत होती. पण वकीलसाहेब त्या खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळेच मिटले. त्यांच्या बाईसाहेब म्हणाल्या, "आता हे जेवायलाही उठायचे नाहीत." पुढं एकदा कोणी पक्षकार चुकून त्या खुर्चीत बसला आणि बोलता बोलता घसरत जमिनीवर आला. तेव्हा कळलं, की जी वस्तू एकाच्या अंगाची केली ती बाकी सगळ्यांच्या अंगावर उठते. वाकड्या कामाचा फायदाही तोच आणि तोटाही तोच. हे मला त्या खुर्चीनं शिकवलं होतं, पण मी पुरतं शिकलो नव्हतो.

त्या वकीलसाहेबांची थोडी शेती वर्धा नदीच्या काठी होती, कौंडण्यपूरच्या वरच्या अंगाला. तिथल्या घाटावर दौलत भोई म्हणून नावाडी. सारं गाव त्याला दौलतमामा म्हणायचं. त्याचे वडील, आजा, सगळे त्याच घाटावर डोंगा चालवत आले. एकदा तो काही कागदासाठी वकीलसाहेबांकडं आला, त्यानं ती खुर्ची पाहिली, तिची सगळी कथा ऐकली आणि कागदाचं काम तसंच टाकून माझं दुकान शोधत आला. उंच, काळाशार, वाळलेल्या शेंगेसारखा माणूस. डावा हात पोटाशी धरलेला.

"तुमीच का थे वाकड्या खुर्चीवाले मिस्त्री?"

मी म्हटलं, "मी सरळ खुर्च्याही करतो."

"थ्या ठेवा तुमच्यापाशी. मले डोंगा पायजे. वाकडा."

मला वाटलं, सकाळी सकाळी घेऊन आला की काय. पण तो शुद्धीत होता. बाकावर बसून त्यानं मला सगळं समजावून सांगितलं, आणि तुम्हालाही ते समजलं पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही.

घाटावरचा डोंगा बांबूनं चालतो. नावाडी मागच्या टोकावर उभा राहतो, लांब बांबू तळाला टेकवतो आणि रेटतो. उजव्या बाजूनं रेटलं की डोंग्याचं तोंड डावीकडं वळतं. डाव्या बाजूनं रेटलं की उजवीकडं. म्हणून एकदा इकडून, एकदा तिकडून असं करत तो सरळ नेतात. उजवीकडं रेटताना उजवा हात वर आणि डावा कमरेपाशी लागतो. डावीकडं रेटताना उलट. दौलतमामा आदल्या उन्हाळ्यात मोहाच्या झाडावरून पडला होता. खांदा बसवणाऱ्यानं तो बसवला, पण वेगळ्याच जागी बसवला. डावा हात कमरेपर्यंत चालायचा, वर मात्र जायचा नाही. म्हणजे त्याला फक्त उजवीकडूनच रेटता येत होतं.

"सरळ डोंगा मले गोल फिरवते, मिस्त्री," तो म्हणाला. "बांबू मागं घासत नेऊन तोंड सरळ करता येते, नाई असं नाई. पण मंग दम निंघून जाते आन् धार डोंग्याले खाली घेऊन जाते. परवाच्या रोजी मी लोकाईले घाटावर नाई, कोणाच्या तुरीत उतरवलं."

"मग आता?"

"आता कचेरीतून ओवरसियर येनार हाय, जत्रेच्या आधी. मी एकट्यानं, वजनासकट, नदी पार करून वापस आलो, त घाट माझा. नाई त माझ्या पुतन्याचा. नारायन. पोरगं चांगलं हाय, त्याच्यावर माझा राग नाई. पण मिस्त्री, घाट गेल्यावर मी दिवसभर करू काय? गिरजाच्या तोंडाकडे पाहू?"

तो हसत बोलला, पण बोलताना उजव्या हातानं डावा खांदा दाबत होता. मी म्हटलं, "मामा, मी जन्मात डोंगा केला नाही. आमच्या अमरावतीत पाणी घागरीत असते."

"आमच्या गावचा सुतार करते न. पन तो सरळच करते. वाकडा कर म्हटलं त त्यानं माझ्या कपाळाले हात लावून पाह्यला, ताप हाय का म्हनून."

मी हो म्हणून बसलो. वाकड्या खुर्चीचा माज होता थोडा, खोटं कशाला बोलू.

आता डोंगा वाकडा म्हणजे किती वाकडा आणि कुठं वाकडा? हे सांगणारं अमरावतीत कोणी नव्हतं. मी दुकानामागच्या म्हशींच्या हौदात प्रयोग सुरू केले. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे वीतभर लांबीचे डोंगे केले. दोन्ही बाजू सारख्या असलेला डोंगा मागच्या उजव्या कोपऱ्यात काडीनं ढकलला की तो डावीकडं वळून हौदाच्या भिंतीला जाऊन टेकायचा. मग उजवी बाजू तासून जरा सपाट केली आणि डाव्या बाजूला पोट राहू दिलं. आता डोंग्याची पाठच अशी वाकली की तो आपसूक उजवीकडं जाऊ पाहायचा. काडी त्याला डावीकडं लोटणार, पोट उजवीकडं नेणार, आणि दोघांच्या भांडणात डोंगा सरळ जाणार. नवरा-बायकोच्या भांडणात संसार चालतो तसंच. कमी-जास्त पोटाचे सात डोंगे केले तेव्हा एक असा निघाला की ढकलला की हौदाच्या या टोकापासून त्या टोकाला रेघ मारल्यासारखा जायचा. मी दिवसभर तो ढकलत होतो. पलीकडं पोचला की हातानं उचलायचा, इकडं आणून ठेवायचा, पुन्हा ढकलायचा. हातानं उचलायचा. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

धारणीकडचं सागवान आणलं आणि नदीकाठच्या त्या गावी जाऊन महिनाभर राहिलो. जेवण दौलतमामाकडं. त्याची बायको गिरजामामी ठेंगणी, गोल आणि तोंडानं फटाकडी. ज्वारीची भाकर अशी वाढायची की पहिली संपायच्या आत तिसरी ताटात, आणि टोमणे त्याच्याही पुढं. डोंग्याचा सांगाडा उभा राहिला तशी ती भोवती फिरून पाहू लागली.

"मिस्त्रीभाऊ, हा डोंगा हाय का अर्धं कापलेलं कोहळं?"

"मामी, पाण्यात गेल्यावर बघा."

"पाण्यात कोहळं बी तरंगते."

गावातले लोक येऊन बसायचे, तंबाखू मळायचे आणि डोंग्याकडं आजारी म्हशीकडं पाहावं तसं पाहायचे. पुतण्या नारायण मात्र मुकाट्यानं मदत करायचा. फळ्या ओल्या करून आचेवर वाकवणं, सांध्यांत कापूस आणि डांबर ठासणं, ही कामं त्यानंच माझ्याबरोबर केली. घाट आपल्याला मिळावा असं त्याला वाटत नसेल काय? वाटत असेल. पण काकाकडं बघितलं की तो मान खाली घालून डांबर ढवळत राहायचा. डोंगा झाला, पूजा झाली, आणि गिरजामामीनं गावाकडच्या टोकाला ठसठशीत शेंदूर फासला.

मग आले ओवरसियर. तरुण, पुण्याकडचे, पांढरी पँट, डोक्यावर हॅट. आमच्या बोलण्यानं बिचारे पहिल्यापासूनच दचकलेले. कोतवालानं, "सायेब, बसून काहून राह्यले? चाला न!" म्हटलं तर त्यांना वाटलं, हा आपल्याला दम देतोय. त्यांनी टेप काढली, डोंगा मोजला आणि पुन्हा मोजला.

"अहो मिस्त्री, ही नाव दोन्ही बाजूंनी सारखी नाही."

"नाही साहेब."

"चुकून झालं का?"

"मुद्दाम केलं."

त्यांनी वहीत लिहिलं, 'मुद्दाम'. मग अट वाचून दाखवली. नावाड्यानं एकट्यानं, कोणाच्याही मदतीशिवाय, वजनासह पलीकडं जाऊन परत यायचं. वजन म्हणून वाळूची सहा पोती, ओवरसियर आणि मी. गिरजामामी न विचारता पोत्यावर चढून बसली. "सायबाले चक्कर आली त पानी कोन पाजन?" म्हणाली. ओवरसियरांना पोहता येत नव्हतं हे तिनं एका नजरेत ओळखलं होतं.

दौलतमामानं बांबू टेकवला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. सगळे उजवीकडूनच. आणि माझा डोंगा निघाला! कार्तिकाचं निवळ पाणी, मधली धार डावीकडून येणारी, आणि तो वाकडा डोंगा समोरच्या आंब्याकडं नाक धरून सरळ चाललेला. दौलतमामाचे डोळे भरून आले होते. मला म्हणाला, "मिस्त्री, सालभऱ्यानं पहिल्यांदा मी जिथं जाऊ म्हटलं तिथं जाऊन राहिलो." मी मिशीला हात लावला. करीमभाई असते तर त्यांनाही बसवून फिरवलं असतं असं मनात आलं.

पलीकडच्या काठाला लागलो. ओवरसियरांनी वहीत खूण केली आणि म्हणाले, "छान. आता परत." दौलतमामा बांबू घेऊन पोत्यांवरून चालत डोंग्याच्या दुसऱ्या टोकाला गेला.

कारण तेव्हा, त्या क्षणी, मला समजलं. घाटावरचा डोंगा वळवत नाहीत. त्याला दोन्हीकडं सारखंच टोक असतं. जाताना नावाडी एका टोकावर उभा राहतो, येताना दुसऱ्या. डोंगा तसाच, माणूस फिरतो. महिनाभर मी रोज समोर जुना डोंगा जाताना-येताना पाहत होतो, आणि माझ्या टाळक्यात हे शिरलं नव्हतं. दौलतमामा फिरला की त्याचा उजवा हात कुठं आला? डोंग्याच्या पोटाच्या बाजूला. हौदात मी परतीचा डोंगा हातानं उचलून आणत होतो ना! मी त्या माणसाला जायचं बांधून दिलं होतं. यायचं दिलंच नव्हतं.

आणि दौलतमामा? तो चाळीस वर्षं नदीवर काढलेला माणूस, पण त्याचा माझ्यावर भरवसा. मिस्त्रीनं केलं म्हणजे विचार करूनच केलं असेल! त्यानं बांबू रेटला. आता बांबूही डावीकडं लोटणार आणि पोटही डावीकडं नेणार, भांडण मिटलेलं. डोंगा असा गरकन फिरला की ओवरसियरांची हॅट पाण्यात. पुन्हा रेटला, पुन्हा गरका. तिसऱ्यांदा आम्ही पुन्हा त्याच काठाला येऊन टेकलो. ओवरसियर दोन्ही कडा धरून बसले होते. दौलतमामा माझ्याकडं पाहत होता. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

बोलली ती गिरजामामी.

"अवं, फिरवा न मंग डोंगा. शेंदूर मांगं आन् कोरं टोक पुढं. जसे आलो तसेच जाऊ. अडलं काय?"

अडलं होतं ते असं. त्या घाटाचा एक रिवाज होता. शेंदराचं टोक नेहमी गावाकडं. ते फिरवायचं फक्त एकाच वेळी. पलीकडच्या गावात आपलं कोणी मेलं आणि प्रेत घरी आणायचं असलं म्हणजे. कोरं टोक पुढं करून डोंगा आला की गावाला लांबूनच समजायचं आणि लोक तयारीला लागायचे. शेवटचा डोंगा फिरवला होता तो दौलतमामानंच. पटकीनं गेलेल्या मोठ्या भावाला, म्हणजे नारायणच्या बापाला आणताना.

"नाई," दौलतमामा म्हणाला. "जित्त्या मानसाईले बसवून मी डोंगा फिरवत नाई. घाट गेला त गेला."

"घाट गेला त तू माह्या तोंडाकडे पाहत बसशीन. मले नाई पायजे थे," असं म्हणून मामी लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उतरली, डोंग्याचं नाक धरलं आणि सगळ्यांना बसलेलं ठेवूनच तो फिरवला. "घे. मी फिरवला. काय व्हायचं थे मले होईन."

दौलतमामानं शेंदराच्या टोकावर जाऊन बांबू टेकवला. डोंगा सरळ निघाला. आता धार उजवीकडून, त्यामुळं जरा जड, पण सरळ.

अलीकडच्या काठावर सारं गाव जमलेलं. आम्ही मध्यावर आलो तशी तिथं गडबड दिसली. लोक उभे राहिले. टोप्या उतरल्या. कोरं टोक पुढं! दौलतमामा तर उभा दिसत होता, मामी दिसत होती, मी दिसत होतो. उरलं कोण? ओवरसियर. आणि ओवरसियर भीतीनं डोळे मिटून, मान टाकून, पोत्याला टेकून बसलेले, डोक्यावरची हॅटही गेलेली. गावात सुभद्राबुढी म्हणून एक म्हातारी होती, रडायला सगळ्यांच्या आधी. तिनं गळा काढला, "अगं माय वो! परदेशी लेकरू गेलं वो! कोन्या मायचं व्हतं वो!" बायकांनी सूर धरला. कोतवाल डोक्याला हात लावून खाली बसला, कारण कचेरीत काय सांगायचं हा प्रश्न त्याचाच होता.

त्या आवाजानं ओवरसियरांनी डोळे उघडले. डोंगा काठाला लागला होता. ते गडबडून उतरले, ओळीनं उभ्या असलेल्या उघड्या डोक्यांकडं पाहिलं आणि हळू आवाजात कोतवालाला विचारलं, "काय झालं हो? कोण गेलं?"

कोतवाल म्हणाला, "तुमी, सायेब."

असा हशा मी पुन्हा कुठं ऐकला नाही. सुभद्राबुढीसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती, आणि शेवटी ओवरसियरही हसले. मला वाटलं, सुटलो. पण माणूस पुण्याचा. हसून झाल्यावर त्यांनी वही उघडली.

"दौलतराव, नाव चांगली चालली. पण अट 'एकट्यानं' अशी आहे. नाव फिरवली ती तुमच्या बायकोनं. ही मदत झाली. मला तसं लिहावं लागेल."

हशा तिथंच थांबला. मी म्हटलं, "साहेब, पाण्यात फिरवायला कितीसा वेळ लागतो? दहा मोजायच्या आत होतं. हा माणूस स्वतः फिरवू शकतो."

"मग फिरवावी. एकदा करून दाखवलं की झालं." ते कडू बोलले नाहीत. त्यांना रिवाज कुठं ठाऊक होता? त्यांच्या लेखी ते नाक धरून वळवायचं साधं काम.

दौलतमामा डोंग्याकडं पाहत उभा राहिला. नारायण पुढं आला. म्हणाला, "काका, नको फिरवू. साहेब, घाट त्याईच्याच नावानं ठेवा, डोंगा मी चालवतो." ओवरसियर म्हणाले, तसं करता येत नाही.

दौलतमामानं पुतण्याच्या पाठीवर हात ठेवला. "बाबू, तुह्या बापाले आणलं तवा मी रडत रडत डोंगा फिरवला होता," म्हणाला. "आज कोरड्या डोळ्यानं फिरवतो. पाहू काय होते." आणि शेंदराचं टोक पुन्हा गावाकडं करून, सहा पोती घेऊन एकटाच निघाला.

गेला तो सरळ. पलीकडं लागला. आम्हाला तो अंगठ्याएवढा दिसत होता. बांबू ठेवला, पाण्यात उतरला, डोंग्याच्या नाकाशी जाऊन उभा राहिला. बराच वेळ तसाच उभा होता. मला आपलं वाटत होतं, की माझ्या एका बावळटपणानं या माणसाला कुठं नेऊन उभं केलं! हौदात एकदा, फक्त एकदा, तो चिमुकला डोंगा उलटा ढकलून पाहिला असता तर? मग उजव्या हातानं नाक धरलेलं दिसलं, आणि डोंगा हळूहळू फिरला. शेंदूर पलीकडं गेला. कोरं टोक आमच्याकडं झालं.

या वेळी कोणी टोपी काढली नाही. सुभद्राबुढीनं तोंडावर घट्ट हात धरला होता. तो काठाला लागला, उतरला, आणि सगळ्यांकडं एकदा पाहून बायकोला म्हणाला, "पाह्य. कोनीच मेलं नाई." गिरजामामी तेव्हा रडली. इतकी रडली की तिला पाणी पाजायला ओवरसियर धावले.

घाट दौलतमामाचा राहिला. पुढची नऊ वर्षं त्यानं तो डोंगा चालवला, आणि प्रत्येक खेपेला दोन्ही काठांवर फिरवला. सुरुवातीला जत्रेचे लोक बिचकायचे. मग सवय झाली. वाकड्या डोंग्याचे फायदे-तोटे सांगायचे तर फायदा एकच, की त्याच्या हातात तो लोण्यासारखा चालायचा. तोटे पुष्कळ. दोन्ही हात धड असलेल्या नारायणनं तो एकदा चालवायला घेतला तर त्याला उलटी कसरत. मामा तापानं पडला की घाट बंद. माणसापुरती केलेली वस्तू त्या माणसाबरोबरच आजारी पडते.

आणि लबाडीचं म्हणाल तर ती ही. अमरावतीला परत आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, की डोंगा फिरवून चालवायचा हे मी आधीच योजलं होतं. वकीलसाहेबांनाही तेच सांगितलं. इतकी वर्षं तेच सांगत आलो. खरं हे, की मी विसरलो होतो आणि डोकं गिरजामामीचं होतं. ती गेली, तिला कधी तसं म्हणालो नाही. एकदा म्हणायला हवं होतं.

दौलतमामा गेल्यावर दोन-तीन वर्षांनी, असंच कोणाच्या लग्नाला त्या बाजूला गेलो. मुद्दाम घाटावर गेलो. माझा डोंगा नव्हता. कुजला म्हणे. नवा, सरळ, गावच्या सुताराचा. दोरा लावून पाहिला असता तर गव्हाएवढाही फरक निघाला नसता. चालवत होता तो नारायणचा जावई, वर्ध्याकडून आलेला, दोन्ही खांदे बैलासारखे. मला ओळखत नव्हता. मी बसलो. एकदा इकडून, एकदा तिकडून रेटत त्यानं पलीकडं नेलं. लोक उतरले, मी बसूनच राहिलो, नवे बसायला आले. ते चढायच्या आधी तो पाण्यात उतरला, डोंग्याचं नाक धरलं आणि डोंगा फिरवला.

मी म्हटलं, "बाबू, हा तर सरळ डोंगा. फिरवतो काहून? दुसऱ्या टोकावर जाऊन उभा राह्य न."

त्यानं माझ्याकडं अडाण्याकडं पाहावं तसं पाहिलं.

"फिरवाच लागते, बुवा. दौलतमामाच्या घाटाचा रिवाज हाय. नाई फिरवला त मानूस घरी वापस येत नाई."

मी पाय वर घेतले आणि नीट बसलो.